कलम ३(के) ला हात लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला सॉफ्टवेअर पेटंटवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला आणि अल्गोरिदमला आपल्याकडे पेटंट मिळत नाही ते पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मुळे, आणि लेखकाला नेमकं तेच खुपतंय. ओपन सोर्सवाल्यांचं, म्हणजे आपला कोड सगळ्यांना वापरायला-बदलायला खुला ठेवणाऱ्यांचं, काय होणार याबद्दल अख्ख्या लेखात चकार शब्द नाही.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचो. २००२ मध्ये रेड हॅट ८.० (विंडोजऐवजी वापरायची फुकट लिनक्स सिस्टीम) आलं ते मोठ्या हौसेनं लॅबमध्ये टाकलं, पोरं खूश, आणि मग पाचवीच्या बाईंनी कवितांची एमपी३ सीडी आणली ती काही केल्या वाजेना. स्पीकर ठीक, सीडी ठीक, एक्सएमएमएस प्लेअरपण होता, फक्त त्यातला एमपी३ वाजवणारा भाग रेड हॅटने पेटंटच्या भानगडीमुळे काढून टाकलेला. एमपी३ चं पेटंट फ्राउनहोफर संशोधन संस्था वगैरे मंडळींकडे, तिकडे जर्मनीत, आणि भोगलं आमच्या पाचवीच्या वर्गाने. हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, तुमच्या फुकटच्या मालात साधं गाणं वाजत नाही, आणि थोड्याच दिवसांत सगळ्या मशीनवर पायरेटेड विंडोज परत आलं. मला ते अजून लागतं. एमपी३ चं लायसन्सिंग बंद झालं २०१७ मध्ये, तोवर ती पोरं नोकरीला लागली होती.

हे जुनं म्हणून सोडून द्यावं तर २०१९ मध्ये अमेरिकेत ग्नोम फाउंडेशनवर (लिनक्ससाठी फुकट सॉफ्टवेअर बनवणारी संस्था) पेटंटची केस झालीच की. कशावरून, तर शॉटवेल, फोटो नीट लावून ठेवायचं फुकट सॉफ्टवेअर! ग्नोमचं नाव मोठं म्हणून हजारो लोकांनी वर्गणी काढली, दीड लाख डॉलर जमले, २०२० मध्ये प्रकरण मिटलं. पण एखाद्या पोराने रात्री जागून एकट्याने लिहिलेल्या प्रोजेक्टला कोण वर्गणी देणार? तो नोटीस बघूनच कोड काढून टाकतो, पेटंटमध्ये दम आहे का नाही हे कोर्टापर्यंत जातच नाही.

२००४ च्या डिसेंबरात सरकारने वटहुकूम काढून ३(के) सैल करून पाहिलं होतं, २००५ मध्ये संसदेने ते ठेवलं नाही. एवढं तरी लेखात यायला हवं होतं.

आणि लेखाखाली छापलेला मेल आयडी चालत नाही, मेल परत येतो, याआधीही असंच झालंय. कृपया तो दुरुस्त करा, लेखकाला विचारायचं असेल तर वाचकांनी जायचं कुठे?

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मिरज