आंबा हातात आल्यावर

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर म्हणालात, "जन्म गेला आंबा काढण्यात, तू मला काय शिकवतेस?" शिकवत नाही हो. पाड लागलाय की नाही हे तुम्ही झाडाखालून बघून सांगता, मला ते अजून जमत नाही. माझं म्हणणं फळ हातात आल्यानंतरचं आहे.

मागच्या खेपेला मी दोन कच्चे आंबे वेगळे बांधून आणले, एकाच फांदीचे. एक झेल्यातून अलगद घेतलेला, दुसरा तुमच्या हातून कमरेएवढ्या उंचीवरून पाटीत पडलेला. त्या दिवशी दोन्ही सारखेच दिसत होते. पिकल्यावर कापले, तर पडलेल्याच्या सालीखाली अंगठ्याएवढा तपकिरी, पाणचट डाग! तुम्हाला तो दिसणार कुठून? तोवर माल व्यापाऱ्याच्याही पुढे गेलेला असतो.

देठाचंही तसंच. थोडा देठ राखून कात्रीने कापायचं, हे तुम्हाला माहीत नाही थोडंच? चीक सालीवर ओघळला की काळं पडतं, म्हणून आईच मला ओरडायची. पण गडी उक्त्यावर, दुपारच्या आत झाडं उरकायची, मग फळ हिसका देऊनच येतं. वर व्यापारी डागी-बिनडागी सगळ्याला एकच भाव लावतो. तुमची चिडचिड मला कळते.

म्हणून सध्या एकच करा. काढलेला माल उन्हात ठेवू नका. तोडलं तरी फळाचा श्वास चालूच असतो, आणि १० अंशांनी तापलं की तो दुप्पट-तिप्पट वाढतो. फळ तितकं लवकर उतरून खराब होतं. सकाळीच काढा आणि क्रेट झाडाच्या सावलीत लावा, काठोकाठ न भरता. वरचा क्रेट खालच्या फळांवर बसतो, ते मी गेल्या वर्षी पाहिलंय.

करप्यासाठी, म्हणजे त्या बुरशीच्या काळ्या डागांसाठी, ५२ अंशांच्या पाण्यात १० मिनिटं बुडवायचं, ते मी आल्यावर करू. थर्मामीटर आणते. बोट घालून अंदाज घेऊ नका, पाणी जास्त तापलं तर साल भाजते.

आई, उरलेले कच्चे आंबे फ्रिजमध्ये टाकू नकोस. १२-१३ अंशांच्या खाली ते गारठतात आणि मग बाहेर काढूनही धड पिकत नाहीत. तुझी अढीच बरी.

दोन कात्र्या पाठवतेय. लाल मुठीची आईची, ती बाबांनी तारा कापायला घेऊ नये.

तुमची,
ताई