रिव्हरडेल, आज्जीसकट

वडगाव, बेळगाव
श्रावण

चि. प्राजूस अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू टीव्हीवर नेटफ्लिक्स लावून दिलंस आणि जाताना म्हणालीस, "आई, रिव्हरडेल बघ, पण डोकं बाजूला ठेवून बघ." बघितलं. अमेरिकेतल्या शाळकरी पोरांची ती मालिका, सात सीझन, १३७ भाग, एकही न सोडता. डोकं बाजूला ठेवायचं मला जमलं, आज्जीला नाही. फोनवर सांगायला घेतलं की तिसऱ्या मिनिटाला तुझी मीटिंग उगवते, म्हणून लिहून पाठवतेय. जेवताना वाच. आणि जेवत जा.

आमचं बघणं कसं चालायचं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायची, खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचायची आणि आज्जीला मराठीत सांगायची. शेजारच्या अक्का आल्या की तेच परत कन्नडमध्ये. त्यात पलीकडं बाबांच्या मागाचा खडखडाट. त्यामुळं आपल्या घरात प्रत्येक खून तीन-तीनदा झाला. इंग्रजीत उरकला की मराठीत, तो पचतोय तोवर अक्कांचं "यार कोंदार री?" म्हणजे मारलं कुणी?

नावं आज्जीच्या तोंडात बसेनात. तिनं आपली नावं ठेवली आणि आता मलाही तीच आठवतात. आर्ची म्हणजे तांबड्या. जगहेड टोपीवाला. बेटी शेंडीवाली, व्हेरोनिका मोतीवाली. शेरिलला मात्र नाव ठेवलं नाही. तिचे लाल ओठ, लाल कपडे आणि रोखून बघणं बघून आज्जीनं पहिल्याच दिवशी निकाल दिला, "हिच्या अंगात येतंय." पुढचं सगळं बघता मला तरी यात खोडण्यासारखं काही सापडलं नाही.

तुला सांगू, आर्ची मला नवा नव्हता. तुझ्या मामानं रद्दीतून आणलेला कॉमिकचा एक गठ्ठा आमच्या माडीवर होता. १९४१ सालचं ते पात्र. कॉमिकमध्ये त्याच्यापुढचा सगळ्यात मोठा पेच काय, तर बेटीला फिरायला न्यायचं की व्हेरोनिकाला. मी त्याच भरवशावर आज्जीला म्हटलं, हलकंफुलकं आहे, बसा. पहिला भाग संपेपर्यंत नदीतून कपाळात गोळी घातलेलं प्रेत वर आलं आणि तांबड्याचं संगीताच्या बाईंबरोबर प्रकरण निघालं. ते दुसरं मी आज्जीला सांगितलं नाही. "शिकवणी लावलीय" म्हटलं.

ते प्रेत शेरिलच्या जुळ्या भावाचं, हे तुला ठाऊकच आहे. मारलं कुणी, तर सख्ख्या बापानं. त्या घराण्याचा धंदा मेपलच्या झाडाच्या रसाचा, आपल्या काकवीसारखाच दिसतो तो पाक. आणि पिंपांच्या आडून हेरॉईन. मी एवढं सगळं रंगवून सांगितलं, तर आज्जी म्हणते, "म्हणून म्हणतो, काकवी गुऱ्हाळावर सोता हुबं ऱ्हाऊन घ्यावी."

पहिल्या सीझनच्या शेवटी शेरिल गोठलेल्या नदीत बुडते आणि तांबड्या बर्फावर बुक्क्या मारून तिला वर काढतो, तो प्रसंग मला खरोखर आवडला. नंतर वाचलं की त्या पोरानं, के. जे. आपानं, शूटिंगमध्ये खराच हात मोडून घेतला होता. बाकी सीझनभर त्या हाताला पेनसुद्धा लागलेलं दिसलं नाही.

हाच माझा मूळ मुद्दा. ही पोरं शाळेत जातात कधी? आपल्याकडं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, ७५ टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. तुझी हजेरी दोन दिवसांनी कमी पडत होती तेव्हा बाबा मागावरचा बीम तसाच सोडून कॉलेजात धावले होते. आणि ही मोतीवाली? शाळेत असतानाच हॉटेल चालवते, त्या हॉटेलच्या तळघरात चोरून क्लब चालवते, पुढं दारू गाळायलाही बसते. शेंडीवाली खुनी शोधते. टोपीवाला राहायला घर नाही म्हणून शाळेतच झोपतो, म्हणजे त्याची तेवढी हजेरी पूर्ण धरावी. (तो कोल स्प्राऊस मालिका सुरू झाली तेव्हा २४ वर्षांचा होता. दप्तर बघितलंस त्याचं? मला तर ते रिकामंच वाटायचं.)

दुसरा सीझन मी थोडक्यात आवरते, कारण सगळा सीझन काळा बुरखा घालून माणसं मारणारा तो शेवटी शेंडीवालीचा बाप निघाला आणि हे आज्जीनं फार आधी ओळखलं होतं. कसं, विचारलं तर म्हणाली, "घरात लई गप् ऱ्हातोय." तेव्हापासून बाबा जेवताना मुद्दाम काहीतरी बोलत बसतात.

खरी मजा तिसऱ्यात. न केलेल्या खुनासाठी तांबड्या बालतुरुंगात. तिथं एक पोरगा त्याला सांगतो, मी चौथीतच शाळा सोडली, आजीला पोसायला नशेचा माल पोचवत होतो. आणि तांबड्या त्याला काय म्हणतो? तुला शाळेच्या फुटबॉलमधले जय-पराजय कधी कळलेच नाहीत! मी कांडी खाली ठेवून हसले. तू आणि तुझ्या मैत्रिणी यावरच पडून-पडून हसायचा ना, आता कळलं. आज्जी मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "त्या पोराच्या आजीला आता कोण बघायलंय?" पुढचे कितीतरी भाग ती रोज विचारायची, म्हातारीचं काय झालं. मी तिकडं कॅनडात जाऊन लिहिणाऱ्याला विचारू काय? शूटिंग व्हँकुव्हरकडं झालंय म्हणतात. शेवटी सांगून टाकलं, तिला पेन्शन सुरू झाली.

मग तांबड्या पळतो आणि मित्राला मागं ठेवून एकटाच सीमा ओलांडून कॅनडाकडं निघतो. सीमा म्हटल्याबरोबर बाबांनी माग बंद केला आणि दारात येऊन उभे राहिले. सगळं बघितलं आणि म्हणाले, "आम्ही १९५६ पासून प्रयत्न करायलोय, हा गडी एका रात्रीत गेला?" आणि परत जाऊन माग चालू केला. त्या दिवशीचे दोन संवाद त्यात गेले, पण नुकसान काही वाटलं नाही.

तिथल्या रानात त्याला अस्वल गाठतं. आज्जी सावरून बसली. तिचं माहेर जांबोटीकडचं, भीमगडच्या रानाला लागून, अस्वलाच्या बाबतीत आपल्या घरात तिचाच शब्द शेवटचा. ती म्हणाली, अस्वल पहिल्यांदा तोंडावर येतं, डोळा-नाक ठेवत नाही. तिच्या गावात करवंदं आणायला गेलेल्या एका माणसानं पुढं जन्मभर तोंडाला उपरणं बांधून दिवस काढले. आणि हा तांबड्या? छातीवर ओरखडे, तेही सारख्या अंतरावर, आणि चेहरा फोटो काढायला तयार. "अस्वलानंबी बघून मारलंय," आज्जी म्हणाली. अक्कांना हे कन्नडमध्ये सांगितल्यावर त्या एवढ्या हसल्या की चहा सांडला.

त्या खेळाचं मी काही लिहीत नाही. पोरं फाशांचा खेळ खेळतात आणि विष पिऊन मरतात, शिंगवाला राजा झाडीतून बघत उभा असतो. त्यांचे आई-बाप शाळेत असताना तोच खेळ खेळलेले. मला त्यात राम वाटला नाही आणि आज्जी झोपली.

पण प्राजू, चौथ्या सीझनचा पहिला भाग.

तांबड्याचा बाप, फ्रेड. मी सुरुवातीपासून आज्जीला म्हणत होते, अख्ख्या गावात हा एकच बाप बापासारखा वागतो. बांधकामाचं काम करायचं, संध्याकाळी घरी यायचं, पोराला जेवलास काय विचारायचं. एवढंच. मालिकेत एवढं करणारा दुसरा कुणी नाही. तो भाग सुरू झाला आणि कळलं की तो गेला. रस्त्यावर एका बाईची गाडी बंद पडली होती, मदतीला थांबला आणि दुसऱ्या गाडीखाली आला. ते काम करणारा ल्यूक पेरी मार्च २०१९ मध्ये खराच गेला, ५२ व्या वर्षी, हे मी नंतर वाचलं. ती रस्त्यावरची बाई म्हणजे त्याची जुन्या मालिकेतली जोडीदारीण, शॅनन डोहर्टी. त्या भागात राजे, खेळ, बुरखे काही नाही. चौघं पोरं बापाला आणायला गाडी घेऊन जातात, बस्स. खालच्या ओळी मी वाचल्याच नाहीत आणि आज्जीनंही काय म्हणाला म्हणून विचारलं नाही.

कॉलेजात असताना एकदा रात्री अकराला तू बाबांना फोन केला होतास. "हायवेवर कुणासाठी गाडी थांबवलीत तर कडेला घ्या, लांब उभे राहा," एवढंच म्हणालीस आणि ठेवलास. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो, हिला झालंय काय म्हणून. आत्ता कळलं. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही, तूच सांग.

आणि एवढं रडवून झाल्यावर, त्याच सीझनच्या तिसऱ्या भागात काय? लोकांची किडनी-काळीज काढून विकणारा तो बुवा चकचकीत कपडे घालून घरगुती रॉकेटमधून पळायला निघतो! रॉकेट, प्राजू. कुणी वेल्डिंग केलं, परवाना कुणी दिला, काही नाही. बुवा पळणार हे आज्जीला अपेक्षित होतं, तिनं आयुष्यात बरेच बुवा बघितलेत. फक्त वाहन नवीन होतं.

इकडं शेरिलनं मेलेल्या भावाला उकरून घरात आणून ठेवलेलं आणि त्याच्याशी गप्पा चाललेल्या. आज्जीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, होय, तुमचंच खरं.

पुढं सगळं घाईत गेलं. पाचव्यात सात वर्षं उडी मारतात आणि चौघंही परत त्याच शाळेत शिकवायला येतात. मोतीवाली अर्थशास्त्र, टोपीवाला इंग्रजी, शेंडीवाली गाड्या दुरुस्त करायला शिकवते. बाबा मागावरून ओरडले, "टीईटी झालीय काय ह्यांची?" सहाव्याच्या पहिल्याच भागात शेरिल तांबड्याचं काळीज काढते, तेवढ्यात करंट गेला. करंट आला तेव्हा पुढं बघत गेलो, तर काही भागांनी गडी परत हजर, त्याला आता काही लागतही नाही. मला वाटलं मधलं काहीतरी सुटलं. मागं जाऊन बघितलं. सुटलं नव्हतं.

मग धूमकेतू येतो आणि सगळे १९५५ मध्ये जाऊन पडतात, पुन्हा शाळेच्याच वर्गात. इथं बाबा माग बंद करून थेट खुर्ची ओढून बसले. १९५५ म्हणजे बेळगाव अजून मुंबई राज्यात. "परत आणू नका म्हणावं त्यांना. तिथंच ऱ्हाऊ देत." सातवा सीझन त्यांनी सगळा बघितला, एवढ्या आवडीनं की लोकांना वाटावं गोष्टच त्यांची आहे.

शेवटच्या भागात शेंडीवाली ८६ वर्षांची म्हातारी झालीय, बाकी सगळे गेलेत. ती शाळेचा एक दिवस पुन्हा जगून बघते. आज्जी पुढं सरकली. तिला पहिल्या भागापासून एकच गोष्ट हवी होती, तांबड्यानं अखेर लग्न कुणाशी केलं. आणि खालच्या ओळीत काय लिहून आलं ते तुला माहीतच आहे. शेवटच्या वर्षी ते चौघं एकमेकांबरोबरच होते म्हणे, चौघंही, मिळून. एवढ्या भागांचं भाषांतर मी न अडखळता केलं होतं, इथं मात्र जीभ अडली. आज्जी वाट बघायलेली, शेजारी अक्काही वाट बघायलेल्या, त्यांना तर अजून कन्नडमध्ये सांगायचं होतं. मी म्हटलं, "लग्न नाही झालं. चौघं मिळून अभ्यास करायचे."

आज्जीनं चष्मा काढला आणि म्हणाली, "अभ्यास? ह्ये पयल्यांदाच ऐकायलोय."

तुझी,
आई

ता. क. यानंतर काय बघायचं ते पाठव. अस्वल असलं तर आज्जीला आधी कळव.