मृणाल, तो रकाना रिकामा सोडू नकोस

मिरज

चि. सौ. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपले बोलणे अर्धवट राहिले. अमेरिकन नौदलातल्या डॅनियलची जपानमध्ये योकोसुकाला बदली झाल्याचे आणि तुला व ओवीला बरोबर नेण्याआधी तुम्हा दोघींची वैद्यकीय तपासणी व्हावी लागते हे तू किती आनंदाने सांगत होतीस, आणि मग एकदम, "बाबा, अर्जात दम्याचे लिहिलेच नाही तर कोणाला कळणार आहे?" असे विचारलेस. त्यावर मी जे बोललो ते चढ्या आवाजात बोललो, असे तुझ्या आईचे म्हणणे आहे. म्हणून आज शांतपणे लिहितो आहे, आणि उपदेश टाळण्याचा प्रयत्न करणार आहे.

ही तपासणी तुझ्यात खोट काढण्यासाठी आहे असे तू धरून चालली आहेस. तू पाठवलेले कागद वाचून मला उमगले ते असे, की नॉरफोकचे डॉक्टर तुझी प्रकृती लिहून काढतात, आणि औषधोपचार नियमित लागत असतील तर अशा रुग्णाची देखभाल तुमच्याकडे होईल का, असे योकोसुकाच्या नौदल रुग्णालयाला विचारले जाते. सासेबो किंवा इवाकुनी असते तर मला अधिक घोर लागला असता, कारण तिथे नौदलाचे दवाखानेच आहेत. योकोसुकाला पूर्ण रुग्णालय आहे. तेव्हा रोजचा बुडेसोनाइडचा पंप, रात्रीची माँटेलुकास्टची गोळी आणि गेल्या हिवाळ्यात इमर्जन्सीत काढावी लागलेली ती रात्र, हे सगळे लिहूनही होकार येऊ शकतो. न लिहिता मिळालेला होकार ज्या मृणालसाठी असेल तिला दमाच नसेल, आणि जपानला तर तू जाणार आहेस.

विशेष वैद्यकीय गरज असलेल्या कुटुंबीयांची नोंद ठेवणाऱ्या एक्सेप्शनल फॅमिली मेंबर प्रोग्राममध्ये नाव गेले तर डॅनियलची बढती अडेल, ही तुझी भीती मी समजू शकतो. परंतु ती नोंद बढतीच्या निवड मंडळापुढे ठेवली जात नाही, असे नौदलच सांगते. उलट डीडी २८०७-१ या अर्जात दम्याचा प्रश्न स्पष्ट विचारलेला आहे आणि त्याखाली तू सही करणार आहेस. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. आणि तिकडे पोहोचल्यावर आजार झेपत नाही असे दिसले, तर कुटुंबाला मुदतीआधी परत पाठवतात. घर मोडून गेलेली बाई लहान मुलीला घेऊन पुन्हा कुठे उतरणार? हे पाहा, व्याख्यान सुरू झालेच. रागावू नकोस. चाळीस वर्षे औषधांच्या दुकानात बसलेल्या माणसाला, आजार लपवणाऱ्या गिऱ्हाईकाची सर्वांत जास्त धास्ती असते.

तुला आठवत नसेल, पण शेतात पाचट जाळू लागले की आपल्या घरात कोणी नीट झोपत नसे. तुझी छाती वाजायला लागली की आई तुला उशांना टेकवून बसवायची, मी स्कूटर काढायचो, आणि डेरिफायलिनचे इंजेक्शन घेतल्यावर पहाटे कधीतरी तुझा श्वास मोकळा व्हायचा. सहलीला दंडोबाच्या पायथ्याशी बसून राहिलेली ती मुलगी पुढे एकटी अमेरिकेला गेली, तिथे शिकली, आणि नवरा महिनोन्महिने बोटीवर असताना घर चालवते, हे मी अक्काला आणि बंडूकाकांना किती वेळा सांगितले असेल ते तेच जाणोत. पण त्या रात्री स्कूटर काढायला मी होतो. योकोसुकाला डॅनियल समुद्रावर असताना तुला धाप लागली, तर निदान रुग्णालयातल्या कागदावर तुझा दमा असावा, एवढेच माझे मागणे आहे.

शिवाय तोक्यो परिसरात फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत सुगी नावाच्या देवदारासारख्या झाडाचे पराग हवेत इतके असतात की धडधाकट माणसेही मास्क लावून हिंडतात. तुझ्या डॉक्टरांशी या ऋतूबद्दल आधीच बोलून ठेव. औषधांचेही पाहा. तिथे मिळणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते, आणि ते दहा टक्क्यांहून अधिक असलेली औषधे जपानमध्ये नेता येत नाहीत. पर्स आणि औषधांचा डबा दोन्ही तपासून घे.

त्वचेवरची क्षयाची चाचणी सांगितली आहे म्हणालीस. तुला जन्मतः बीसीजी टोचलेले आहे, डाव्या दंडावर वण आहे. त्यामुळे ती चाचणी उगाच होकारार्थी येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, ती करून मिळेल का ते विचार. तुझे लसीकरणाचे कार्ड आईने माळ्यावरच्या ट्रंकेतून काढले आहे, ते पाठवतो. लहानपणी तुला तपासणारे आपले डॉक्टर जुन्या आजाराचा गोषवारा इंग्रजीत लिहून द्यायला तयार आहेत. त्यात साल्ब्युटामॉल असे लिहिलेले असेल, त्यालाच तिकडे अल्ब्युटेरॉल म्हणतात, एवढे तिथल्या डॉक्टरांना सांग.

नकार आला आणि डॅनियलला एकट्यालाच जावे लागले, तर ओवीला घेऊन इकडे ये असे आईने मला लिहायला सांगितले आहे. मी ते लिहिणार नव्हतो, कारण तुम्ही तिघे एकत्र राहावे असेच मला मनापासून वाटते. पण खोली तयार आहे.

अर्ज भरून झाला की सही करण्याआधी मला एकदा वाचून दाखव. डॅनियलला आशीर्वाद, ओवीला पापा.

तुझे,
बाबा

ता.क. ओवीला जपानी मेंदूज्वराची लस द्यावी लागेल का, तेही याच भेटीत विचारून घे. तिचे दातही तपासतात असे त्या कागदात आहे. तिला आधीपासून समजावून ठेव.