पायरेट्सचा सर्वश्रेष्ठ खेळाडू वॅग्नरच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील बेसबॉलविषयीच्या लेखात पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून रॉबर्टो क्लेमेंटेचे नाव असे घेतले आहे, की जणू त्याबद्दल कुणाचे दुमत नसावे. मराठी वृत्तपत्राने या खेळाला एवढी जागा दिली, याचा पिट्सबर्गमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला आनंद झाला. मात्र हा वाद इथे अजून चालू आहे, आणि निकाल द्यायचाच झाला, तर माझ्या मते तो होनस वॅग्नरच्या बाजूने द्यावा लागतो.

लेखाचा बराचसा भाग क्लेमेंटेच्या मृत्यूने व्यापला आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली, पाठवलेली मदत गरजूंपर्यंत पोहोचत नसल्याचे कळल्यावर क्लेमेंटे स्वतःच सामान घेऊन निघाला, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री त्याचे विमान प्वेर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. वय अवघे ३८. निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबण्याचा नियम बाजूला ठेवून पुढच्याच वर्षी त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, घेतले गेले. संघाच्या मैदानाकडे नेणाऱ्या पुलाला त्याचे नाव आहे, आणि तो खेळे त्या राइट फिल्डची, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाहेरच्या भागाची, भिंत त्याच्या २१ क्रमांकाच्या स्मरणार्थ २१ फूट उंच बांधलेली आहे. हा मान त्याला मिळायलाच हवा होता. परंतु माणूस म्हणून तो किती मोठा होता हा एक प्रश्न आहे आणि खेळाडू म्हणून संघाच्या इतिहासात त्याचे स्थान कोणते हा दुसरा. लेखात पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले गेले आहे.

वॅग्नरचा जन्म १८७४ चा, पिट्सबर्गजवळच्या कोळसाखाणींच्या पट्ट्यातला. जर्मनीतून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा कोवळ्या वयातच खाणीत कामाला लागला होता. पायरेट्सकडून तो १९०० ते १९१७ पर्यंत खेळला आणि त्यातल्या पहिल्या बारा हंगामांत आठ वेळा, पायरेट्स ज्या लीगमध्ये खेळतात त्या नॅशनल लीगमध्ये, फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला. बेसबॉलमध्ये दहा संधींत तीनदा यशस्वी फटका मारणाऱ्याला (म्हणजे ०.३०० सरासरीच्या खेळाडूला) उत्तम फलंदाज मानतात, हे लक्षात घेऊन १९०८ चा हंगाम पाहावा. मळलेला, मऊ पडलेला चेंडूच पुन्हा पुन्हा वापरला जाई, होम रन (एकाच फटक्यावर चारही बेस, म्हणजे धावण्याचे टप्पे, पूर्ण करणे) दुर्मीळ होते, आणि त्या वर्षी सबंध लीगची सरासरी ०.२३९ इतकी खाली होती. वॅग्नरची होती ०.३५४. फटक्यांची एकूण संख्या, दोन आणि तीन बेस मिळवून देणारे फटके, फटक्यांवर घरी आणलेल्या धावा, चोरलेले (फटक्याविना धावून गाठलेले) बेस, या सगळ्यांत तो पहिला होता. होम रनमध्ये तेवढा दुसरा.

लेखात अजिबात न आलेला मुद्दा असा, की यातले बहुतेक सारे त्याने शॉर्टस्टॉप म्हणून खेळताना केले. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा आतल्या क्षेत्ररक्षणातली सर्वांत धावपळीची. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे जमिनीलगतचे बहुतेक फटके तिकडेच येतात. तिथे चपळ माणूस लागतो, आणि तो मिळाला की त्याची फलंदाजी बेताची असली तरी संघ चालवून घेतात. वॅग्नर मात्र रुंद छातीचा, वाकड्या पायांचा, अवाढव्य पंजांचा गडी होता. चेंडू उचलताना मूठभर मातीही हातात यायची आणि चेंडूबरोबर तीही पहिल्या बेसच्या दिशेने उडायची, असे त्याच्याविषयी सांगतात. क्लेमेंटेसारख्या राइट फिल्डच्या खेळाडूकडून धावांची अपेक्षा असतेच. शॉर्टस्टॉपकडून अशी फलंदाजी मिळणे म्हणजे संघाला एक जादा खेळाडू मिळण्यासारखे आहे. खेळाडूचा संघाच्या विजयांतला वाटा मोजण्याच्या हल्लीच्या ‘वॉर’ पद्धतीतही क्लेमेंटे शंभराच्या आत राहतो, तर वॅग्नर पायरेट्सच्या आधी लुईव्हिल संघाकडून खेळलेली सुरुवातीची वर्षे वगळूनही शंभराच्या बराच पुढे जातो.

क्लेमेंटेची बाजू लंगडी आहे, असे मला म्हणायचे नाही. चार वेळा सरासरीत पहिला, सलग १२ गोल्ड ग्लोव्ह (उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार), आणि बरोबर ३,००० फटके. त्यातला शेवटचा ३० सप्टेंबर १९७२ रोजी न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकला मारलेला. १९६७ मध्ये त्याची सरासरी ०.३५७ होती आणि लीगपेक्षा ती जवळपास तेवढीच वर होती, जेवढी १९०८ मध्ये वॅग्नरची. पण वॅग्नर अशी वर्षे एकामागून एक देत राहिला. भिंतीजवळून थेट तिसऱ्या बेसपर्यंत येणारी क्लेमेंटेची फेक आकड्यांत पुरती मावत नाही, हेही खरे. त्या हाताच्या धाकाने किती धावपटू पुढे निघालेच नाहीत, याची नोंद कोण ठेवणार? वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत, तर तो नक्कीच सरस होता. १९६० आणि १९७१ मिळून १४ सामने तो खेळला आणि प्रत्येकात त्याने फटका मिळवला. १९७१ ची मालिका त्याने ०.४१४ च्या सरासरीने गाजवली. उलट १९०३ च्या पहिल्यावहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये वॅग्नर सपशेल फसला होता. त्याची भरपाई त्याने १९०९ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध केली: त्याची सरासरी ०.३३३, समोरचा नामांकित फलंदाज टाय कॉब याची ०.२३१, आणि पायरेट्स विजेते.

वॅग्नरला प्रत्यक्ष पाहिलेले कुणी आता उरलेले नाही, ही त्याची सर्वांत मोठी अडचण. ज्यांनी पाहिले होते त्यांनी १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमच्या पहिल्या निवडीत त्याला विख्यात फलंदाज बेब रूथइतकीच, म्हणजे २१५ मते दिली.

एका आक्षेपाचे उत्तर मात्र माझ्याकडेही पूर्ण नाही. वॅग्नरच्या काळात या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, त्यामुळे तो देशातल्या निम्म्याअधिक गुणवत्तेशी नव्हे, तरी एका मोठ्या भागाशी कधी खेळलाच नाही. क्लेमेंटे सगळ्यांशी खेळला, आणि तेही त्याचे इंग्रजी उच्चार छापून थट्टा करणाऱ्या वार्ताहरांच्या गराड्यात. मी एवढेच म्हणेन, की खेळाडूला त्याच्या काळाने दिलेल्या स्पर्धेतच तोलता येते, आणि तिथे वॅग्नर इतरांच्या जितका पुढे होता तितका पायरेट्सचा दुसरा कोणताही खेळाडू आपल्या काळात नव्हता.

याच शहरात होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या कृष्णवर्णीय संघांकडून जॉश गिब्सन खेळला. पायरेट्सच्याच फोर्ब्ज फिल्ड मैदानावर त्याचे सामने होत, पण पायरेट्सचा गणवेश त्याला कधी मिळाला नाही. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने एप्रिल १९४७ मध्ये प्रमुख लीगमध्ये उतरून वर्णभेदाची भिंत ओलांडली, त्याच्या तीनच महिने आधी गिब्सन ३५ व्या वर्षी वारला. २०२४ मध्ये निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांचे, आकडे अधिकृत नोंदींत घेतल्यावर कारकिर्दीतील सरासरीत तो कॉबला मागे टाकून सर्वांत वर गेला. पळवणकर बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद जातीमुळे नाकारले गेले, हे जाणणाऱ्या मराठी वाचकांना हा अन्याय फोड करून सांगायला नको. प्रश्न पायरेट्सपुरता असेल तर माझे मत वॅग्नरला; पिट्सबर्गपुरता असेल तर गिब्सनचे नाव आधी घ्यावे लागेल. लेखात त्याचा उल्लेखही नाही. या विषयावर पुरवणीत पुढचा लेख येणार असेल, तर त्यात त्याला पुरेशी जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
पिट्सबर्ग, अमेरिका