आवाजावर बार नको

कुडाळ,
तुळशीच्या लग्नाच्या आदला दिवस

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण रविवारचा फोन, तू तिथे अमेरिकेत, विस्कॉन्सिनात हरणाच्या शिकारीला जाणार म्हणालीस तो. नेट गेलं असं आईने तुला नंतर सांगितलं, पण नेट गेलं नव्हतं. मीच फोन ठेवला. चार दिवस त्याची रुखरुख लागून राहिली आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही, तुझं पुढचं वाक्य सुरू होतं आणि माझं मागचं घशातच राहतं, म्हणून लिहितो. संध्याकाळी तेल्यांचा प्रसाद येईल, तो पानांचे फोटो काढून तुला पाठवील. अक्षर लागलं नाही तर आईला विचार.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही टीव्हीवरचे शिकारी बघून मला जोखताय." ते मला लागलं. रागाने नाही लागलं. तुला तसं वाटावं असाच मी आजवर वागलो, म्हणून लागलं. तुझ्या आप्पाआजोबांच्या बंदुकीचा विषय मी कधी काढला नाही, तूही कधी विचारलं नाहीस. खुंटीवर नुसता पट्टा राहिला होता, त्यात तू भातुकलीच्या बाहुल्या बांधायचीस.

आधी एक गोष्ट लिहून मोकळा होतो. पूर्ण जनावर डोळ्यांना दिसल्याशिवाय बोट चापावर नेऊ नकोस. झालं. पुन्हा लिहिणार नाही.

तू पाठवलेले ते कार्यक्रम प्रसादने मोठ्या टीव्हीवर लावून दिले. चार भाग बघितले. माणूस झाडावरच्या माळ्यावर बसून कॅमेऱ्याकडे तोंड करून कुजबुजतो. हरण येतं. बार होतो, हरण उसळी मारून झाडीत जातं आणि जाहिरात लागते. जाहिरात संपते तेव्हा हरण पडलेलं असतं, जीभ आत सारलेली, नाकातोंडावरचं रक्त पुसलेलं, आणि माणूस शिंगं धरून हसत असतो. मी प्रसादला दोनदा मागे घ्यायला लावलं. हरण झाडीत गेल्यापासून माणूस हसेपर्यंतचा वेळ कुठे गेला? मनू, अख्खी शिकार त्या वेळात असते, आणि नेमकी तेवढीच कापलेली असते.

आपल्याकडच्या मालिकांत आणि सिनेमांत दुसरी तऱ्हा. शिकारी म्हणजे मिशावाला, भिंतीवर वाघाचं मुंडकं, दारू पिऊन हसणारा, शेवटी जंगलच त्याला खाणार. तिकडचा हसतमुख, इकडचा राक्षस. मी आप्पांना दोघांतही शोधलं, सापडले नाहीत.

१९७७ ची गोष्ट, मी बारा वर्षांचा. वरच्या भरडावरच्या नाचणीत डुकरांचा कळप उतरला होता. आप्पांनी बॅटरीच्या उजेडात एकावर बार टाकला. लागला, पण डुक्कर गेलं. मी धावणार तर आप्पांनी सदऱ्याला धरून खाली बसवलं आणि बिडी पेटवली. "आता आपण धावलो तर तोय धावतलो. बसलो तर तो पडतलो." बिडी संपल्यावर खाली वाकून त्यांनी नाचणीच्या पातीवरचं रक्त दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि माझ्या नाकापुढे धरलं. काळपट होतं, घाण वास येत होता. फेस नव्हता. "पोटात लागला," म्हणाले, आणि त्यानंतर घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उजाडल्यावर निघालो. दुपारी व्हाळाच्या कडेला करवंदीच्या जाळीत ते सापडलं, जिवंत होतं. आप्पांनी संपवलं. वाडीत वाटे पडले, देवाचा वेगळा काढला, कुत्र्यांचाही काढला. आप्पांनी आपला वाटा बाळाकाकांच्या घरी पाठवला, तोंडाला लावला नाही. आजीने विचारलं तर म्हणाले, "नेम माझो चुकलो, हाल त्येचे झाले."

रविवारी तू शिकारीच्या कोर्सचं सांगत होतीस. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. हिरवट आणि वासाचं म्हणजे पोट, तेव्हा मागावर जायची घाई करायची नाही, तासन्‌तास थांबायचं. ते ऐकताना माझ्या बोटांना आप्पांनी चोळलेलं रक्त आठवत होतं. मॅडिसनच्या वर्गात बसून माझी मुलगी आप्पांचं बोलणं मला इंग्रजीतून सांगते आहे. मला अभिमान वाटला. त्याच वेळी धसका बसला. दोन्ही एकदम आलं, म्हणून फोन ठेवला. हे रविवारी सांगायला हवं होतं.

तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. तिथला कायदा देतो, परवाना आहे, नऊ दिवसांचा हंगाम आहे. तिथे बंदुका-काडतुसांवर ११ टक्के कर घेतात आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा रानाकडे, जनावरांकडे परत जातो, हे तू सांगितलंस ते मला मनापासून आवडलं. आपल्याकडे १९७२ चा कायदा आला तेव्हा आप्पांनी भेकर मारणं सोडलं. वाडीतल्या सगळ्यांनी सोडलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. आप्पांचा परवाना शेतीसंरक्षणाचा होता. दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायची, पावती आजीच्या डब्यात. आज शेतं राखणारे म्हातारे गेले आणि रानात फासक्या आल्या. डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबटे अडकतात, रात्रभर ओढून ओढून कंबर चिरते. गावठी बॉम्ब तर गाईच्याही तोंडात फुटतात. याला शिकार म्हणू नये. पण बातमीत त्यालाही "शिकारी" असंच लिहितात.

२०१८ सालचं तुला आठवत असेल. २ नोव्हेंबरच्या रात्री यवतमाळात टी-वन वाघीण मारली. तेरा माणसांचा ठपका तिच्यावर, मागे दोन बछडे. तू पुण्याला होतीस, सेकंड इयरला. रडत फोन केलास की सगळ्या शिकाऱ्यांना आत टाकलं पाहिजे. टीव्हीवर रात्र रात्र भांडणं चालली होती, एका चॅनेलवर शूर, दुसऱ्यावर खुनी. ज्यांच्या घरची माणसं गेली होती ती गावं पडद्यावर क्षणभर यायची आणि जायची. मी तेव्हा गप्प राहिलो. काय बोलणार होतो, मनू? रात्री अंधारात झाडलेल्या गोळीबद्दल बोलायचा हक्क मला नाही, असं मला वाटतं. ते का, हे आज लिहायला घेतलं आहे आणि अजून त्याच्या भोवतीच फिरतो आहे.

तुमच्याकडे १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तो कोर्स सक्तीचा, त्याआधीच्यांना सूट, असं तू म्हणालीस. म्हणजे मला सूट. ज्याला तो कोर्स खरोखर हवा होता त्याला.

१९८६, कापणीच्या आधीची रात्र. आप्पांना ताप होता. मी एकवीस वर्षांचा, बंदूक खांद्याला लावून माळ्यावर गेलो. आजीला सांगितलं आप्पांनी पाठवलं, ते खोटं होतं. धुकं असं की स्वतःचे पाय दिसेनात. दोनच्या सुमाराला खालच्या कुणग्यात, भाताच्या तुकड्यात, सळसळ झाली. बॅटरी टाकली तर काळं, ठेंगणं, वाकलेलं काहीतरी हललं. मी क्षणभरही थांबलो नाही. बार टाकला.

बाळाकाका होते. मोरीचं पाणी सोडायला वाकले होते. थंडी होती म्हणून डोक्यावरून काळं घोंगडं घेतलं होतं.

त्यांचा पाय माडावरून पडून गेला, असं तुला आम्ही सांगत आलो. माडावरून ते कधीच पडले नाहीत. मांडीतले छरे काढले, दोन राहिलेच, पावसाळ्यात ठणकायचे. त्यांनी जबाब दिला की अपघात झाला, माझी तक्रार नाही. आप्पांनी तापातच उठून बंदूक आणि परवाना ठाण्यात नेऊन दिला, पुन्हा आणला नाही. मला मारलं नाही, ओरडले नाहीत. "दिसलो तुका?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही आणि मला तो रोज ऐकू येतो. आपल्या आधी बाळाकाकांची लावणी का, आपली माणसं आधी त्यांच्या कुणग्यात का जातात, हे तू लहानपणी विचारायचीस. त्याचं उत्तर हे.

ते तुला खांद्यावर घेऊन जत्रेला जायचे, लंगडत. मी मागून चालायचो.

बाळाकाका वैशाखात गेले. काल काकीला विचारून आलो की मनूला लिहू का. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "लिही. आता खंयच्याक लपवतंस?"

म्हणून सांगतो गं, आवाजावर बार टाकू नकोस. हललेल्या फांदीवर नाही, सावलीवर नाही. पुन्हा लिहिणार नाही म्हणालो होतो, मला कळतं आहे. जनावर दिसलं, त्याच्या मागे काय आहे ते दिसलं, मग. आणि शंका आली तर खाली ठेव. रिकाम्या हाताने ये. त्या कार्यक्रमांत कोणी रिकाम्या हाताने घरी जाताना मी बघितला नाही, चार भागांत चारही जणांना मोठ्या शिंगांचंच मिळालं. काही ठिकाणी म्हणे उंच कुंपणाच्या आत पाळलेलीच हरणं असतात. तसल्या जागी जाऊ नकोस. आणि लांबून नेम धरून दाखवायची जी हौस त्यात दिसते, तीही करू नकोस. आप्पा रात्रींमागून रात्री बसायचे आणि बार न टाकता उतरायचे, घोंगडं झटकायचे आणि चहा मागायचे. आजीला त्यात कमीपणा वाटत नसे.

तुला मी लहान मुलीसारखं समजावतो आहे, माफ कर. परीक्षा तू पास झाली आहेस, मी नाही. तुझ्याबरोबरची ती ऑफिसातली बाई आणि तिचे वडील वीस वर्षं जातात म्हणालीस, ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात. त्यांचं ऐक. तुझ्या व्हिसावर बंदूक हातात घ्यायची तर चालू परवाना जवळ लागतो म्हणालीस, तो कागद पिशवीत नको, अंगावर ठेव. आईने कुठूनतरी हरणांच्या मेंदूच्या रोगाचं वाचलं आहे, तुमच्या राज्यात तो २००२ पासून आहे म्हणे. तपासणीला देता येतं ना? निकाल आल्याशिवाय शिजवू नका. आणि मिळालंच, तर आमच्यासाठी शिंगं धरून फोटो काढू नकोस. नुसतं सांग. रक्त कसं होतं ते सांग, किती वेळ थांबलीस ते सांग. मला ते ऐकायचं आहे, आणि ऐकायची भीतीही वाटते.

तुझ्याकडे सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी सुरुवात, म्हणजे इथे दिवेलागण. हंगाम सुरू होईल त्या शनिवारी मी तुळशीपाशी दिवा लावून ओट्यावर बसेन. तुमचा दिवस संपेल तेव्हा इथे पहाट होईल, मी जागाच असेन. गाडीत बसलीस की एक मिस्ड कॉल दे. बोलू नकोस, दमलेली असशील.

नारिंगी जाकिटातला तुझा फोटो आईने देवघराजवळ लावला आहे. कमरेच्या वर निदान निम्मे कपडे त्या रंगाचे हवेत, आणि टोपी घातली तर तीही निदान निम्मी, असा तिथला नियम आहे म्हणालीस. तो नियम ज्याने केला त्याला माझा नमस्कार सांगावासा वाटतो. टोपी गरम होते म्हणून काढू नकोस. शिकार संपवून गाडीकडे चालत येताना माणसं काढतात, तेव्हाही काढू नकोस. गाडीचं दार लागेपर्यंत डोक्यावर असू दे.

तुझे,
बाबा

ता. क. आईने भाजणी आणि आमसुलं बांधून ठेवली आहेत, सावंतांची मुलगी डिसेंबरात शिकागोला जाते आहे तिच्याबरोबर देऊ. तिचा नंबर आई पाठवील.