झेरॉक्सच्या दुकानात उघडी पडलेली आधारकार्डे

महोदय,

परवा झेरॉक्सच्या दुकानात गेलो असता, तिथल्या संगणकाच्या पडद्यावर आधीच्या गिऱ्हाइकांची आधारकार्डे, पॅनकार्डे आणि बँकेची पासबुके तशीच उघडी पडलेली पाहून मन धास्तावले. डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. तो ओळखायला चोराला कितीसा वेळ लागणार? म्हणून चालेल तिथे शेवटचे ४ अंकच दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे, प्रत निघाल्यावर फाइल आपल्यासमोर रिसायकल बिनमधूनही काढायला लावावी आणि ईमेल किंवा व्हॉट्सॲप वेब उघडले असल्यास लॉगआउट केल्याशिवाय उठू नये. एवढे करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता तातडीने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

– एक वाचक, सांगली