माय, मी मासे पकडत नाही

ट्रॉम्सो, १४ डिसेंबर

माय, अण्णा,

परवा फोन मध्येच कट झाला आणि मी परत लावला तोवर तुम्ही झोपला होतात. इकडे संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडे साडेदहा, हे अजून माझ्या डोक्यात बसत नाही. म्हणून टाईप करतेय, पिंट्या वाचून दाखवेल. पिंट्या, मधलं काही गाळू नकोस, खास करून अण्णांच्या गोळ्यांचं.

माय, तू विचारलंस "पोरी, तू तठे नेमकं काय करस?" आणि मग तूच सांगितलंस की कानबाईच्या रोटांना बाया जमल्या होत्या तेव्हा तू सांगून टाकलंस, मन्ही पोर नॉर्वेमा मासा पकडस. मी खूप हसले, पण मग वाटलं, चूक माझीच आहे, दीड वर्षात मी धड सांगितलंच नाही.

तर ऐक. समुद्राच्या तळाला दगडाला चिकटून स्पंज नावाचा प्राणी असतो. प्राणीच आहे, पण झाडासारखा एका जागी बसलेला, त्याला ना दात ना नखं, कोणी खायला आलं तर पळताही येत नाही. दिवसभर पाणी आत ओढायचं, गाळायचं, बाहेर सोडायचं, एवढंच काम. मग जगतो कसा? बऱ्याच स्पंजांच्या अंगात बॅक्टेरिया भाडेकरूसारखे राहतात, काही जातींत तर वजनाच्या ३५ ते ४० टक्के नुसते बॅक्टेरियाच. त्यातले काही असं औषध म्हण, विष म्हण, बनवतात की दुसरे जंतू जवळ येत नाहीत. ते विष आम्हाला पाहिजे, माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंवर नवीन औषध करायला. डायव्हर लोक अंगठ्याएवढा तुकडा आणतात, मी तो खाऱ्या पाण्यात धुते, खलबत्त्यात कुटते (खरोखरचा खलबत्ता, तुझ्यापेक्षा लहान), पातळ करते आणि प्लेटवर पसरते. प्लेटमध्ये काय असतं माहितीये? चायना ग्रास! उपासाला तू दुधात घालून वड्या करतेस तेच, ते समुद्राच्या शेवाळापासूनच बनतं. फक्त इथे साखरेऐवजी मीठ.

मग वाट बघायची. विरजण रात्रीत लागतं, माझे हे बॅक्टेरिया तीन-तीन, सहा-सहा आठवडे घेतात. आणि जे पटकन वाढतात ते सहसा बिनकामाचे, सगळी प्लेट खाऊन टाकतात, कामाचा तो कोपऱ्यात खडूच्या ठिपक्यासारखा बसलेला असतो. बहुतेक तर उगवतच नाहीत, त्यांना स्पंजाचं घरच पाहिजे.

एक गंमत सांगते. मागच्या महिन्यात एक प्लेट उघडली (वास घ्यायचा नसतो, पण घेतला) आणि मृगाचा पहिला पाऊस काळ्या मातीवर पडल्यावर येतो ना, तस्सा वास! इथे २७ नोव्हेंबरपासून सूर्य नाही, जानेवारीच्या मध्यापर्यंत दिसणारही नाही, दुपारी दोनेक तास निळसर उजेड तेवढा, आणि त्यात आपल्या बांधावरचा वास. मातीला तो वास या बॅक्टेरियांच्याच कुळामुळे येतो, स्ट्रेप्टोमायसिस म्हणतात त्याला. आजोबांना टीबी झाला होता तेव्हा महिनोन् महिने इंजेक्शनं घेतली ना, ते स्ट्रेप्टोमायसिन याच कुळातलं, १९४३ साली अमेरिकेत शेतातल्या मातीतून सापडलेलं. त्यानंतर वीसेक वर्षं लोकांनी जगभरची माती उकरून काढली, धडाधड औषधं निघाली, आणि मग तेच तेच परत सापडायला लागलं. म्हणून आता समुद्र. तिथे त्याच कुळाचे भाऊबंद आहेत पण खाऱ्या पाण्यात आणि भलत्याच शेजाऱ्यांसोबत राहिलेले, तर त्यांच्याकडे काही वेगळं असेल अशी आशा.

आशाच. कारण ऑक्टोबरमध्ये माझा नंबर २१४ चा बॅक्टेरिया भारी निघाला होता. जखमा पिकवणारा जो स्टॅफिलोकोकस असतो त्याच्या प्लेटवर याचा अर्क ठेवला तर भोवती हे एवढं मोठं स्वच्छ गोल, एकही जंतू नाही. तीन रात्री मला झोप नाही, मनातल्या मनात औषधाचं नाव पण ठेवून झालं (सांगणार नाही, हसाल). मग मशीनवर रेणूचं वजन काढलं तर अ‍ॅक्टिनोमायसिन! १९४० सालीच सापडलेलं, आणि इतकं विषारी की जंतूंसाठी देतच नाहीत, काही कॅन्सरमध्ये वापरतात. आमच्या मॅडम म्हणाल्या, हे मलाही दोनदा सापडलंय, आणि कॉफी प्यायला गेल्या. तेव्हा तुला फोनवर म्हटलं होतं ना सर्दी झालीये, ती सर्दी नव्हती.

सगळ्यांचंच असं होतं असं नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या लोकांनी फ्लोरिडाच्या समुद्रातला एक पिशवीसारखा प्राणी, पाण्याची पिचकारी मारणारा, त्याच्या अंगातल्या बॅक्टेरियातून टर्बिनमायसिन काढलं. ते बुरशीवरचं आहे, दुसऱ्या औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीवरही उंदरांमध्ये चाललं. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो पण निदान नवीन तर आहे.

आता अण्णा, तुमच्यासाठी. तुम्ही म्हणालात की एवढी औषधं आहेत मेडिकलमध्ये, अजून कशाला शोधता. अण्णा, हे तुम्हाला मी शिकवायची गरजच नाही, तुम्ही बोंडअळी बघितलीये. २००२ ला बीटी कापूस आला, आपण लावला, सुरुवातीची वर्षं फवारणी किती कमी झाली, तुम्हीच सांगायचात. आणि २०१७ ला बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, वेचायला बाया येईनात. बीटी म्हणजे पण मातीतल्या एका बॅक्टेरियाचंच विष, कापसात घातलेलं. लाखात एखादी अळी त्याला पुरून उरली, तिचीच पोरं वाढली, वेचणी झाल्यावरही पीक उभं ठेवून फरदड घेतली तिथे त्यांना आणखी महिने खायला मिळालं. आणि पाकिटासोबत ते बिगर-बीटीचं छोटं पाकीट यायचं, कडेने लावायला, ते आपण बांधावर फेकून द्यायचो, आठवतं? ते यासाठीच होतं की साध्या अळ्याही टिकाव्यात आणि त्यांच्याशी संकर होऊन ही निगरगट्ट जात एकटी वाढू नये.

जंतूंचं तसंच आहे, उलट वाईट. अळीला पोरं व्हावी लागतात, बॅक्टेरिया तर औषध पचवायची युक्ती शेजारच्याला अशीच देऊन टाकतो, शेजारणीला वाटीभर विरजण द्यावं तशी. २०१९ या एका वर्षात औषध लागू न पडल्यामुळे जगात १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज आहे.

म्हणून दिवाळीतल्या खोकल्याचं ऐकून मी चिडले. तुम्ही परस्पर मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या पाच गोळ्यांची पट्टी आणली, तीन घेतल्या, बरं वाटलं, दोन डब्यात ठेवल्या वहिनीच्या बाळाला लागतील म्हणून. अण्णा, तो खोकला तसाही आपोआप गेला असता, सर्दीपडशाच्या व्हायरसवर ही गोळी चालतच नाही. पट्टीवर उभी लाल रेघ आहे बघा, तिचा अर्थच हा की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. डॉक्टरने सांगितली तर सांगितली तितके दिवस घ्या, नाहीतर नकोच. आणि त्या दोन गोळ्या बाळाला अजिबात देऊ नका, वहिनी, तू लक्ष ठेव, अण्णा माझं ऐकत नाहीत.

बाकी ठीक. परवा ओव्हनमध्ये वांगी भाजून भरीत केलं, बरोबरच्या पोरींना आवडलं, मला नाही. पऱ्हाटीचा जाळ नाही, वांगी ठेचायची बडगी नाही, मिरच्या पण गोड. जानेवारीत धुळ्याचा एक मुलगा इकडे परत येतोय, त्याच्याकडे कळण्याचं पीठ आणि काळा मसाला दे, किलोभर बस, जास्त नको माय, त्याच्या बॅगेत जागा नाही म्हणतो.

कापूस काय भावाने गेला ते कळवा. विकला नसेल तरी सांगा, लपवू नका. सोमवारी मला ४० नवीन प्लेट लावायच्यात, नंबर २१५ पासून.

तुमची,
सोनू